हातचं राखून

किनेश्म्याच्या कलादालनात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे हीटरचा पाइप दिवसभर कण्हत असतो,
तिथे माझी खुर्ची.
खुर्चीसमोर येवग्राफ ल्वोविच तुमानीन,
तैलरंग, सव्वा मीटर उंच.
पाटीवर एवढंच: थोर चित्रपट-दिग्दर्शक,
खाली चित्रकर्तीचं नाव, साल, भेटीदाखल प्राप्त.

शाळेची पोरं येतात ओले बूट वाजवत.
मार्गदर्शिका पट्टी उंचावते:
बघा ही नजर, भिंतीपलीकडचं बघणारी.
आणि हे हात! ह्याच हातांनी त्यानं
काळ कापला, काळ सांधला.
एक पोरगा मागे रेंगाळतो, मला विचारतो,
संडास कुठाय?
डावीकडे, मी सांगते. पेंढा भरलेल्या अस्वलाच्या पुढे.

गुरुवारी उस्तिन्या येते.
गुरुवारी पेन्शनवाल्यांना तिकीट नसतं.
ती अशा कोनात उभी राहते
की खिडकीचा उजेड वार्निशवर सांडून
थोर दिग्दर्शकाचा चेहराच पुसून टाकतो.
पहिला अख्खा हिवाळा मला वाटलं,
बाईला मोतीबिंदू असणार.

मग एकदा तिनं रुमालातून बटाट्याची पिरोश्की काढली,
अर्धी मला दिली,
आणि साखरेचा भाव सांगावा तसं सांगितलं:

तुमानीन बसला दोनच सकाळी.
दोन्ही वेळा दिवा त्यानंच हलवला,
रोग्नेदा पावलोव्हनाला म्हणाला, सावली इकडून घे.
तिसऱ्या दिवशी तार आली, गेला उत्तरेला,
गोठलेल्या समुद्रावर शूटिंगला.
ओव्हरकोट खुंटीवर तसाच.
इकडे समिती दारात, कॅनव्हासवर नुसतं डोकं,
मानेखाली काही नाही.

रस्त्यापलीकडे सिनेमाघर. तिथला ऑपरेटर प्रोखोर,
खांदे तेवढेच रुंद.
चहा आणि तीन रूबल ह्या बोलीवर
अकरा दुपारी तो दुसऱ्याच्या कोटात बसला.
संध्याकाळी घरी येऊन म्हणायचा,
आज मी काहीच केलं नाही, उस्तिन्या, आणि पाठ मोडली.

रोग्नेदानं चेहऱ्यात थोडं हातचं राखलं.
हातांत नाही.
डाव्या अंगठ्याचं नख बघ, उस्तिन्या म्हणाली,
उभं चिरलेलं, काळं.
रिळाचा डबा पडला होता त्यावर,
आमची ग्लाफिरा जन्मली त्या वर्षी.
मी कोबीचं पान बांधलं. काही उपयोग झाला नाही.

(मार्गदर्शिकेच्या वहीत ह्याच नखाबद्दल लिहिलंय:
निर्मितीची जखम.)

तू कुणाला सांगितलं नाहीस?
काय सांगायचं, म्हणाली.
माझ्याकडे त्याचा एकच फोटो आहे, बंदरावरचा.
थंडी होती.
त्यात त्याचे हात खिशात आहेत.

तेव्हापासून गुरुवारी मी खुर्ची तिला देते
आणि अस्वलाजवळ जाऊन उभी राहते.
कधी ती बसते, कधी नाही.
एकदा तिनं खालच्या आवाजात काहीतरी विचारलं,
मला नाही.

काल मॉस्कोहून जीर्णोद्धारवाला आला,
कापसाचे बोळे, बाटल्या, कपाळावर भिंग.
म्हणाला, वार्निश पिवळं पडलंय, उतरवू.
कोट निळा निघेल, बघत राहाल.
अंगठ्यापाशी वाकला.
इथे घाण बसलीय, म्हणाला, ही आधी.

वीस वर्षं झाली मला ह्या खुर्चीवर.
कशाला हात लावू नका, एवढंच मी
लोकांना सांगत आले,
तेही सवयीनं, विणकामातून मान वर न करता.

काल उठले. लोकरीचा गुंडा घरंगळत
पाइपाखाली गेला.

ती घाण नाही, म्हटलं.
मग? रंग आहे?
त्यानं भिंग वर केलं.
नख आहे, मी म्हटलं.